शाळांमधील आंतरराष्ट्रीय सहकार्य प्रकल्प : साधन आधी की काम आधी?



तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही जण शाळांसाठी सॉफ्टवेअर तयार करतील. अनेक जण राष्ट्रीय सेवा योजनेतून किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातून आताच एखाद्या शाळेशी जोडलेले असतील. 'आमच्या मुलांना परदेशातल्या शाळेशी जोडून द्या' अशी विनंती तुमच्याकडे कधी ना कधी येईल. अशा वेळी सगळे पहिला प्रश्न विचारतात, 'कोणते ॲप वापरायचे?' माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांची खरोखर गरज पडेल असे काम कोणते, हा पहिला प्रश्न.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या एका शाळेचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शाळेशी व्हिडिओ संवाद घडवून आणला. त्यांच्या सकाळी नऊच्या तासाची वेळ ठरली, म्हणजे आपले सायंकाळचे साडेसात. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना शेवटची एस.टी. गाठायची असल्याने त्या थांबू शकल्या नाहीत. उरलेल्या मुलांनी स्वागतगीत म्हटले, तिकडच्या मुलांनी हात हलवले आणि अर्ध्या तासात कार्यक्रम संपला. अहवालात 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' अशी नोंद झाली. त्या अहवालावर सही माझीच आहे.

त्या सायंकाळी जोडणी झाली, सहकार्य झाले नाही. हा फरक समजून घेण्यासाठी आपण तीन प्रत्यक्ष प्रकल्प तपासू.

१. फ्लॅट क्लासरूम प्रकल्प (२००६)

हा प्रकल्प दोन शिक्षिकांनी सुरू केला : ढाक्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवणाऱ्या ज्युली लिंडसे आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कॅमिला या छोट्या गावात शिकवणाऱ्या विकी डेव्हिस. विषय घेतला थॉमस फ्रीडमन यांच्या 'द वर्ल्ड इज फ्लॅट' (२००५) या पुस्तकातला. फ्रीडमन यांना ही कल्पना बेंगळुरूत इन्फोसिसच्या नंदन निलेकणी यांच्याशी बोलताना सुचली होती. पुस्तकात जग सपाट करणारी दहा कारणे सांगितली आहेत. दोन्ही वर्गांतील मुलांच्या जोड्या करून त्यांनी विकीस्पेसेस या संकेतस्थळावर त्या कारणांविषयीची पाने मिळून लिहायची, असे ठरले.

याची जमेची बाजू मोठी आहे. हिवाळ्यात ढाका जॉर्जियाच्या ११ तास पुढे असते. कॅमिलात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा ढाक्यात रात्रीचे आठ. शाळेच्या वेळेत दोन वर्ग समोरासमोर येणे शक्यच नव्हते. विकीमुळे ही अडचण सुटली. एका मुलाने लिहिलेले दुसरा आपल्या दिवसात वाचणार आणि त्यात भर घालणार. शिवाय विकीच्या पानाला इतिहास असतो. कोणी कोणते वाक्य घातले, कोणी काढले, हे शिक्षकाला दिसते. गटकार्यात एकाने राबायचे आणि बाकीच्यांनी नाव लावायचे, ही आपल्याकडची जुनी तक्रार इथे बरीच कमी होते. पुढच्या फेऱ्यांत आणखी एक अट आली : प्रत्येकाने आपल्या चित्रफितीत दुसऱ्या शाळेतील विद्यार्थ्याने तयार केलेला एक तुकडा वापरलाच पाहिजे. तो तुकडा आल्याशिवाय फीत पूर्ण होत नाही. म्हणजे परस्परावलंबन कामाच्या रचनेतच आहे, आणि माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच.

पण त्रुटीही स्पष्ट आहेत. पहिली त्रुटी विषयाच्या चौकटीची. 'जग सपाट आहे' हे विधान तपासायचे असते, इथे ते प्रकल्पाच्या नावातच गृहीत धरले गेले. अर्थतज्ज्ञ पंकज घेमावत यांनी २००७ मध्ये 'फॉरेन पॉलिसी' या नियतकालिकात याचा प्रतिवाद केला. फोन, गुंतवणूक अशा व्यवहारांचा फार मोठा भाग अजून देशांच्या सीमांच्या आतच होतो, असा त्यांचा मुद्दा होता. मुलांना दोन्ही बाजू दिल्या असत्या तर ढाका आणि कॅमिला यांच्यातील फरक हाच अभ्यासाचा विषय झाला असता.

दुसरी त्रुटी सहभागाची. ढाक्यातील आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे बांगलादेश नव्हे. इंग्रजी माध्यम आणि हाताशी संगणक असलेल्या दोन वर्गांमध्ये जमिनीचा उंचसखलपणा मुळातच कमी होता. त्यांचे यश पाहून जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे असेच जमेल, असे मानणे चूक ठरेल.

तिसरी त्रुटी साधनाची आहे, आणि ती त्या शिक्षिकांच्या हातात नव्हती. विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद झाले. शाळांत लोकप्रिय असलेली इतर साधनेही गेली : फ्लिपची स्वतंत्र सेवा आणि गूगलचे जॅमबोर्ड २०२४ मध्ये, स्काइप २०२५ मध्ये. म्हणून साधन निवडताना, मुलांचे काम त्यातून साध्या मजकुराच्या किंवा एचटीएमएलच्या स्वरूपात बाहेर काढता येते का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

२. लर्निंग सर्कल

१९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि मॉस्को येथील शाळांना जोडणारा एक प्रकल्प सुरू झाला. त्यातून पुढे आयअर्न हे जागतिक जाळे उभे राहिले. त्यातील लर्निंग सर्कल ही पद्धत मार्गारेट रील यांच्या नावाशी जोडली जाते. सहा ते आठ वर्गांचे एक वर्तुळ करायचे. प्रत्येक वर्गाने एक विषय मांडायचा आणि बाकी सर्वांच्या विषयांसाठी मजकूर पाठवायचा. शेवटी ज्याचा विषय त्या वर्गाने आलेले सर्व लेखन संपादित करून प्रसिद्ध करायचे.

इथे साधन ई-मेलइतके साधे चालते आणि कमी वेगाच्या जोडणीवरही काम होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वर्ग एकदा यजमान असतो आणि बाकी वेळा पाहुणा. विचारणारे नेहमी एकीकडचे आणि 'आमची संस्कृती' दाखवणारे नेहमी दुसरीकडचे, ही विभागणी त्यामुळे मोडते. आमच्या त्या सायंकाळी नेमके हेच हुकले होते. आमची मुले दाखवत होती, समोरची पाहत होती.

याची कमजोर बाजू म्हणजे वेळापत्रक. एक वर्ग गळाला की सर्वांचे अंक अपुरे राहतात. आपल्याकडे अनेक राज्यांत शाळा जूनमध्ये सुरू होतात, युरोप-अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. त्यांची वर्षाची सुरुवात होते तेव्हा आपल्याकडे सहामाही परीक्षा डोक्यावर असते. हे आधीच एका तक्त्यात मांडले नाही, तर उत्साह दोन महिन्यांत ओसरतो.

३. ग्लोब कार्यक्रम

१९९५ मध्ये सुरू झालेल्या या पर्यावरण-निरीक्षण कार्यक्रमात भारत २००० पासून सहभागी आहे. मुले तापमान, पाऊस, ढग यांची नोंद ठरलेल्या कार्यपद्धतीने करतात आणि ती सामाईक माहितीसंचात भरतात. हवेच्या नोंदी स्थानिक माध्यान्हीच्या आसपास, म्हणजे सूर्य डोक्यावर सर्वांत उंच असताना, घ्यायच्या असतात. त्यामुळे वेळेतील फरक ही अडचण उरत नाही. प्रत्येक शाळा आपापल्या माध्यान्ही मोजते, म्हणूनच नोंदींची तुलना करता येते. कोकणातल्या शाळेचा पर्जन्यमापक आणि राजस्थानातल्या शाळेचा पर्जन्यमापक यांची किंमत सारखीच. महागडी शाळा असल्याने पाऊस जास्त अचूक पडत नाही.

मात्र नोंदी भरून काम थांबले, तर मुले केवळ आकडे पुरवणारी होतात आणि विचार करणे दुसऱ्यांकडे राहते. 'आमच्याकडे जुलैत एवढे ढग असून तुमच्याकडे ऊन कसे?' हा प्रश्न एका वर्गाने दुसऱ्याला विचारला आणि उत्तर दोघांनी मिळून शोधले, तरच ते सहकार्य.

तुम्ही प्रकल्प आखताना

या तीन उदाहरणांवरून माझा निष्कर्ष असा : सहकार्य कामाच्या रचनेतून घडते, साधन त्याला वाट मोकळी करून देते किंवा अडवते. जे साधन दोन्हीकडच्या मुलांनी एकाच वेळी हजर असण्याची आणि वेगवान जोडणीची मागणी करते, ते नकळत सोयीस्कर बाजूला झुकते. थेट संवाद ठेवाच, पण ओळखीपुरता एकदा आणि निरोपापुरता एकदा. मधले काम आपापल्या वेळेनुसार होऊ द्या.

मुलांची माहिती हाही साधनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात ही मर्यादा १३ वर्षांची आहे. समोरच्या शाळेला जे ॲप चालते ते आपल्यालाही चालेलच असे नाही. शक्य असेल तिथे मुलांऐवजी वर्गाच्या नावाने खाते उघडा.

आणि वेळ ठरवण्याआधी शेवटची बस किती वाजता सुटते, हे मुलांना विचारा. मी विचारले नव्हते.

स्वाध्याय

१. तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या शालेय ऑनलाइन प्रकल्पात एका बाजूने काम थांबवले, तर दुसऱ्या बाजूचे काय अडते? काहीच अडत नसेल, तर रचनेत कोणता बदल कराल?

२. तुमच्या परिसरातील शाळा आणि जपानमधील शाळा यांच्यासाठी सहा आठवड्यांचे वेळापत्रक तयार करा. सुट्ट्या, परीक्षा आणि घड्याळातील साडेतीन तासांचा फरक लक्षात घ्या.

३. तुम्ही नेहमी वापरत असलेल्या एका साधनातून तुमचे सर्व काम बाहेर काढून पाहा. काय आले, काय राहिले, याची नोंद करा.