दुर्गाबाई भागवत : खंडित प्रबंध, अखंड अभ्यास

दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) ह्यांच्या चरित्रातील एक घटना शिक्षकवर्गास सुपरिचित आहे. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी तत्कालीन मध्यप्रांतातील आदिवासी मुलखात त्या हिंडत असता विषारी रानसुरण त्यांच्या खाण्यात आला. विषबाधेने सुमारे सहा वर्षे त्यांना अंथरुणावर काढावी लागली. प्रबंध अपुरा राहिला. ह्या घटनेवरून बहुधा एकच तात्पर्य काढले जाते, ते असे की, आजाराने विदुषी हरपली आणि तिच्या जागी ललितलेखिका जन्मास आली. हे तात्पर्य ऐकण्यास गोड असले तरी आम्हांस ते मान्य करता येत नाही.

बालाघाटसारख्या ठिकाणी राहणाऱ्यास ह्या घटनेची दुसरीही एक बाजू दिसते. आमच्या जिल्ह्यातील बैहरच्या पठारावर गोंड आणि बैगा लोकांची वस्ती आहे. कोणता कंद खावा, कोणता टाळावा, कोणता किती धुवावा व शिजवावा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होय. एकच कंद जाणत्याच्या हाती अन्न, तर अजाणत्याच्या पोटी विष ठरतो. लोकविद्या ही करमणुकीची वस्तू नसून जगण्याचे साधन आहे, ह्याचे याहून कठोर प्रत्यंतर कोणत्या अभ्यासकास मिळाले असेल?

दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ आणि ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ हे दोन्ही ग्रंथ १९५६ सालचे. पहिल्यास आपण ललित म्हणतो व दुसऱ्यास शास्त्रीय, आणि दोन निराळ्या कपाटांत ठेवतो. वस्तुतः दोहोंमागील दृष्टी एकच आहे. ‘ऋतुचक्रा’त बारा महिने क्रमाने येतात, परंतु तेथे निसर्ग लेखिकेच्या मनोवस्थेचा आरसा होत नाही. झाडाची पालवी, फुलाचा रंग, पाखराची हालचाल ह्या गोष्टी आधी नीट पाहिल्या जातात. मग त्यांच्याशी निगडित असलेले सण, लोकरूढी आणि संस्कृत काव्यातील संदर्भ येतात. आधी निरीक्षण व मग अन्वय, हा क्रम संशोधकाचा होय. संदर्भांची गर्दी क्वचित वर्णनाची गती रोखते, हेही नमूद केले पाहिजे. पण तो दोषसुद्धा अभ्यासकाचाच आहे, कल्पनाविलासी लेखकाचा नव्हे. मग विदुषी हरपली असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे?

पुढील लेखनही ह्याचीच साक्ष देते. ‘व्यासपर्व’ (१९६२) मध्ये महाभारतातील व्यक्तींचा शोध आहे. ‘पैस’ (१९७०) ह्या ग्रंथास १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. उतारवयात त्यांनी जातककथांच्या अनुवादाचे प्रचंड काम अंगावर घेतले. एका कंदाने जिची उमेदीची वर्षे हिरावली, तिनेच ‘खमंग’ हे पाककलेवरील पुस्तक रसिकतेने लिहावे, ह्यात आम्हांस केवळ योगायोग दिसत नाही. अन्न हाही त्यांच्या लेखी संस्कृतीचाच एक ग्रंथ होता, आणि त्या ग्रंथाशी त्यांनी वैर धरले नाही.

आजारास देणगी मानणे हा त्या सहा वर्षांवर अन्याय आहे. त्या काळात सातपुड्यातील कोणती गीते, कोणत्या कथा नोंदल्यावाचून राहिल्या, ह्याचा हिशेब आता कोणी मांडू शकणार नाही. हानी ती हानीच. दुर्गाबाईंचा मोठेपणा हानीतून लाभ काढण्यात नाही. पदवीचा मार्ग खुंटल्यावरही अभ्यासाची शिस्त त्यांनी सैल होऊ दिली नाही, ह्यात तो आहे. १९७५ साली कराडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीस विरोध करणारा त्यांचा निर्भय स्वरही ह्याच शिस्तीतून आलेला होता, असे आम्ही मानतो.

वर्गात दुर्गाबाईंची कथा सांगताना संकटाचे गुणगान करण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा, एवढीच आमची विनंती. ज्या विद्यार्थ्याचे शिक्षण दुखण्यामुळे मधेच थांबले आहे, त्यास दुखण्याची थोरवी ऐकवून काय लाभ? त्यापेक्षा ‘ऋतुचक्रा’तील चालू महिन्याचा लेख त्याच्या हाती द्यावा आणि खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या झाडाची रोज नोंद ठेवावयास सांगावे. अभ्यासाला तेवढी जागा पुरते.