तांब्याचा पोचा कुठे गेला?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही चित्रकलेच्या क्लासमध्ये शिरा, मांडणी तीच दिसते. स्टुलावर चुण्या पाडून टाकलेलं कापड, त्यावर तांब्या नाहीतर किटली, शेजारी एखादं फळ. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांचे महाराष्ट्रावर उपकार आहेत, हे आधीच सांगतो. एलिमेंटरीचं वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटचं स्थिरचित्र नसतं, तर आपल्यातले कित्येकजण घरातल्या तांब्याकडे इतका वेळ टक लावून कधी बसलेच नसते.

पण इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या वाढीव गुणांना जोडली गेली आणि क्लासना घाई झाली. तोंडाचं लंबवर्तुळ, डावीकडून उजेड, उजव्या कडेला 6B पेन्सिल, तळाशी पडछाया हा क्रम मुलं पाठ करतात. समोरच्या तांब्याला पोचा पडलेला असतो, कागदावर मात्र गुळगुळीत, नवाकोरा तांब्या उतरतो. पुढे बीएफएच्या सीईटीलाही वस्तुचित्राचा पेपर असतो, तिथेही हीच पाठांतराची शिदोरी पुरते. हात तयार होतात. पाहणं मागे पडतं, आणि तक्रार आहे ती एवढीच.

वस्तूकडे बारकाईने पाहण्याची परंपरा आपल्याकडे किरकोळ नव्हती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एक्केचाळीस वर्षं काढलेल्या चित्रकार रावबहादूर धुरंधरांनी मुंबईतली माणसं चितारली, तेव्हा त्यांच्या डोक्यावरची पाटी, कमरेवरची घागर, लुगड्याचा काष्टा यांकडेही तितकंच लक्ष दिलं. खारमधल्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. त्या रस्त्यावरून रोज क्लासला जाणाऱ्या मुलांना त्यांची रेखाटनं कुणी दाखवतं का, मला शंका आहे.

वस्तूकडे सर्वांत खोल पाहिलं ते चित्रकार प्रभाकर बरव्यांनी (१९३६–१९९५). घड्याळ, किल्ली, पान, फळ, सेफ्टी पिन अशा हाताशी असलेल्या गोष्टी त्यांनी नेहमीच्या जागेवरून उचलल्या, सपाट रंगाच्या मोकळ्या अवकाशात ठेवल्या आणि त्यांचा आकार पुन्हा नव्याने तपासला. सोबत रोजनिशी चालू असे, शब्द आणि रेखाटनं एकाच पानावर. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत आहे, १९९० पासून आहे. बरव्यांचं पान हे कुठल्याही विशिष्ट झाडाचं नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो खराही आहे. तरी त्या पानामागे असंख्य खऱ्या पानांचं निरीक्षण आहे, हे त्यांची रेषाच सांगते. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, पण ते फोर्टात. उपनगरातल्या शाळेपर्यंत बरवे अजून पोचलेले नाहीत.

घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानाचं लोखंडी शटरच चित्राचा पृष्ठभाग केलं. उपनगरातली वस्तू जगभरच्या दालनांत गेली ती अशी. हे मोठं काम आहे, मात्र तिथे वस्तूच चित्र झाली आहे. शटरच्या गंजाचा, कडीकोयंड्याचा पेन्सिलने केलेला अभ्यास ही वेगळी, लहान आणि चिकाटीची गोष्ट, आणि ती करणारे फार थोडे. रविवारी वही घेऊन बाहेर पडणारे अर्बन स्केचर्स मुंबईत आहेत, त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. पण त्यांच्या वह्यांत इमारती, रस्ते, चर्च भरपूर. खिडकीच्या ग्रीलवर रंगाच्या जुन्या डब्यात वाढलेली तुळस क्वचितच.

निसर्गाच्या बाबतीत तर दारात गंगा असून आपण कोरडे. बोरिवली आणि मुलुंडच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे २०१६ साली कारवीची झुडपं फुलली, फोनमध्ये हजारो फोटो साठले. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिची केसाळ चिकट कळी, जांभळं फूल, आणि वाळल्यावर पुढच्या पावसाच्या तोंडावर तडतडून फुटणारं बोंड, हे सगळं एका कागदावर शेजारी शेजारी मांडू शकतं ते फक्त रेखाटन. फोटोत एक क्षण सापडतो, अभ्यासचित्रात झाडाचं अख्खं आयुष्य. पक्ष्यांच्या चित्रांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची (बीएनएचएस) पुस्तकं सजवणाऱ्या कार्ल डिसिल्व्हांसारख्यांनी याच नजरेचं मोल दाखवून दिलं आहे. तरीही उद्यानापासून रिक्षाच्या अंतरावरच्या क्लासमध्ये मुलं मोबाइलवरचं जास्वंद उतरवतात.

क्लास चालवणाऱ्या सरांना आणि बाईंना विनंती आहे. आठवड्यातला एक तास परीक्षेतून सोडवून घ्या. मुलांना घरून एकेक वापरलेली वस्तू आणायला सांगा : चेपलेला डबा, अर्धी सोललेली मोसंबी, तुटकी चप्पल. आणि तांब्याला पोचा असेल, तर तो चित्रात आल्याशिवाय कागद जमा करून घेऊ नका.