आवाजाला रंग कोणी दिला?

नभोवाणी हे कानांचे माध्यम. तेथे गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही; तेव्हा निदान तेथे तरी सुराचा न्याय सुरावरूनच होत असेल, असे कोणासही वाटावे. अमेरिकेतील लोकप्रिय संगीताचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

१९२० च्या दशकात तेथील ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची ‘रेस रेकॉर्ड्स’ अशी वेगळी यादी केली. गोऱ्या ग्रामीण गायकांची ‘हिलबिली’ ही दुसरी. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने ‘रेस’ हा शब्द काढून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव योजिले. पाटी सभ्य झाली. भिंत तशीच राहिली.

१९५४ साली मेम्फिसच्या नभोवाणीवर एल्व्हिस प्रेस्लीची पहिली ध्वनिमुद्रिका वाजली, तेव्हा निवेदक ड्यूई फिलिप्स याने त्यास शाळेचे नाव मुद्दाम विचारले. शाळा वर्णानुसार विभागलेल्या होत्या. नाव ऐकताच हा तरुण गोरा आहे, हे श्रोत्यांस उमगले. याउलट, १९६६ साली चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या ‘कंट्री’ ध्वनिमुद्रिका नभोवाणी केंद्रांकडे छायाचित्राविना धाडण्यात आल्या. एकाचा वर्ण सांगावा लागला, दुसऱ्याचा झाकावा लागला. पुढे १९७१ साली कंट्री संगीताच्या संघटनेने त्याच प्राइडला वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून गौरविले. श्रोत्यांच्या कानांनी त्याला केव्हाच आपला मानले होते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. परंतु २०१९ साली लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे ‘बिलबोर्ड’ने कंट्रीच्या यादीतून वगळले. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असे कारण देण्यात आले. वर्णाचा संबंध नाकारण्यात आला. गाण्याचा ठेका हिप-हॉपचा होता, हे खरे. पण तसाच ठेका उसना घेणारे गोरे गायक त्या यादीत सुखाने नांदत होते. शिवाय कंट्रीचे मानचिन्ह ठरलेला बँजो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांनीच अमेरिकेस दिला! म्हणून ते कारण आम्हांस पटत नाही.

वर्गवारी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. रसिकाला वाट दाखविण्यापुरती ती हवी. मात्र ती चेहरा पाहून ठरू लागली, की ज्याने वाद्य दिले तोच घरात परका ठरतो.

इशायाच्या पुत्रांमधून राजा निवडताना शमुवेल संदेष्टाही थोरल्याच्या रूपावर भुलला होता. परमेश्वराने त्याला सावरले. आपल्या कानांनीही तो धडा गिरवावा. आधी गाणे ऐकावे, नाव मागाहून द्यावे.