प्रवेशिकेची परीक्षा

मद्याविषयी मराठीत लिहू लागले की प्रथम गडकऱ्यांची सावली कागदावर पडते. ‘एकच प्याला’तील सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांनी आपल्या मनात असे ठाण मांडले आहे की, प्याल्यातील पदार्थ मुळात कसा होता हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. ते नाटककाराचे कामही नव्हते. त्याला माणसाचा अधःपात दाखवावयाचा होता, आणि त्याचा धाक अद्यापि टिकून आहे. त्या धाकाला नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. ज्या घरांत सुधाकर नांदले त्या घरांनी त्याची किंमत मोजलेली आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, आपल्या मंडळींत या विषयावर एक तर कुजबूज ऐकू येते, नाही तर बढाई. परीक्षण तेवढे ऐकू येत नाही.

दिल्लीच्या सरकारी वसाहतींत बढाईचे प्रमाण अधिक. कोणाची बढती झाली, कोणी निवृत्त झाले, की कपाटातून एक बाटली निघते आणि तिचे लेबल पाहुण्याकडे वळवून ठेवले जाते. बहुधा ती ‘ग्लेनलिव्हेट’, वय बारा वर्षे, असते. सिंगल माल्ट या दालनात शिरणाऱ्याची ही पहिली पायरी. शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर ही प्रवेशिका. प्रवेशिकेची परीक्षा महाकाव्याच्या मापाने घेणे अन्यायाचे. पण ती प्रवेशिका आहे म्हणून तिची परीक्षाच न घेणे, हाही अन्यायच.

सिंगल माल्ट म्हणजे काय, हे स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनी स्पष्ट केले आहे. केवळ मोड आणलेला सातू, पाणी आणि यीस्ट. ऊर्ध्वपातन एकाच कारखान्यात व भांड्याच्या भट्टीत. त्यानंतर स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुक्काम. आणि बाटलीत मद्यार्क किमान ४० टक्के. ग्लेनलिव्हेटचा इतिहास तर आपल्या सेवकवर्गाला विशेष जवळचा वाटावा. हे मद्य एका अबकारी कायद्याचे अपत्य आहे. १८२३ च्या कायद्याने परवान्याची फी दहा पौंड ठेवली, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथने त्या खोऱ्यात पहिला परवाना घेतला. शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांना हे इतके झोंबले की स्वसंरक्षणार्थ त्याला दोन पिस्तुले बाळगावी लागली. परवाना घेतला म्हणून जिवाची भीती बाळगावी लागलेला नागरिक अबकारी खात्याच्या इतिहासात विरळाच!

आता प्रत्यक्ष रस. ट्यूलिपच्या फुलासारख्या तोंडाशी निमुळत्या पेल्यात, बर्फाशिवाय, ही व्हिस्की घ्यावी. गंध प्रथम फळांचा येतो : पिकलेला अननस, थोडे सफरचंद, मागे व्हॅनिला. जिभेवर ती मऊ उतरते. पाण्याचे चार थेंब घातले की फुलांचा वास मोकळा होतो. प्रवेशिकेकडून जी पहिली अपेक्षा, अक्षर स्वच्छ असण्याची, ती येथे पुरी होते. नवख्याला ‘हा गंध फळाचा’ असे स्वतःच्या नाकाने म्हणता येते. दुसऱ्याने सांगावे लागत नाही. हा गुण लहान नव्हे.

दोष असा की, वाक्य सुरू होते तितक्या जोमाने संपत नाही. मधला भाग पातळ आहे आणि घोट उतरल्यावर चव फार रेंगाळत नाही. मद्यार्क किमान मर्यादेवर, म्हणजे ४० टक्क्यांवरच आणलेला असतो. तशी पातळ व्हिस्की थंडीत गढूळ दिसते. ते टाळण्यासाठी ती थंड करून गाळण्याची व्यवसायात रीत आहे, आणि त्या गाळण्यात दिसण्याच्या दोषाबरोबर थोडा स्निग्धपणाही जातो. अति संपादन केलेल्या लेखासारखी तिची स्थिती होते. चूक एकही नाही, पण लेखकाचा आवाजही क्षीण.

आणि तो ‘बारा’चा आकडा! आपल्याला तो कमालीचा पटतो, कारण आपले सारे आयुष्य ज्येष्ठतासूचीत गेलेले असते. आकडा एवढेच सांगतो की, बाटलीतील सर्वांत तरुण मद्य बारा वर्षे पिंपात होते. त्या वर्षांत ते शिकले किती, हे पिंपावर आणि हवामानावर अवलंबून. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. तिकडे त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात देवदूत कितीतरी पटीने अधिक पितात, आणि लाकूडही तितक्याच घाईने आपला रंग-गंध देते. म्हणून भारतीय माल्टवर बहुधा वयाचा आकडाच नसतो.

यावरून गेल्या जानेवारीत आम्ही तिघांनी एक प्रयोग केला. स्वतः न घेणाऱ्या एका स्नेह्यांनी आमच्या पाठीमागे तीन पेले भरले आणि त्यांवर क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावल्या. एकात ग्लेनलिव्हेट, दुसऱ्यात हरियाणातील कर्नाल जिल्ह्यात तयार होणारी, २०२१ मध्ये बाजारात आलेली ‘इंद्री’, तिसऱ्यात आपली नेहमीची मिश्र व्हिस्की. तिसरी सर्वांनी ओळखली. उरलेल्या दोहोंत मी ‘क’पुढे ठळक अक्षरांत लिहिले : ‘स्कॉटलंड. भारदस्तपणा लपत नाही.’ आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांनीही तसेच लिहिले. चिठ्ठी उलटली तेव्हा तो भारदस्तपणा कर्नालचा निघाला. बरोबर ओळखले ते फक्त आमच्या तिसऱ्या सहकाऱ्याने, आणि तो तर माल्ट प्रथमच चाखत होता. त्याने ‘एक फळासारखी, एक लाकडासारखी’ एवढेच लिहिले होते. त्याच्यापाशी सांभाळण्यासारखे लेबल नव्हते.

मला लाज वाटली ती चुकल्याची नव्हे. चूक ज्या जागी झाली त्या जागेची. दिल्लीत निघालेले मराठी पुस्तक आपण ‘ठीक आहे’ म्हणून बाजूला सारतो आणि तेच पुण्याच्या प्रकाशकाचा शिक्का घेऊन आले की त्यात प्रौढता दिसू लागते. मी स्वतः हे केले आहे, आणि वर इतरांना त्याबद्दल दोषही दिला आहे.

मात्र म्हणून इंद्री श्रेष्ठ, असा उलटा निवाडाही घाईचा ठरेल. तिच्यात मद्यार्क ४६ टक्के, ती थंड करून गाळलेली नाही, आणि तीन प्रकारच्या पिंपांचा तिच्यावर संस्कार. तिचा आवाज मोठा आहे. कधी लाकूड इतके बोलते की सातूला बोलू देत नाही. तासाभराने टेबलाकडे पाहिले, तर तिघांचेही रिकामे झालेले पेले ग्लेनलिव्हेटचे होते. सहजता हीदेखील सिद्धीच आहे.

राहता राहिली किंमत. एका बाटलीत कारकुनाच्या घरचा महिन्याचा किराणा पुष्कळसा निघतो. तिला ‘परवडणारी’ म्हणणारा माणूस आपल्या वेतनश्रेणीतला नसावा. त्या किमतीत जकातीचा वाटा मोठा. स्कॉचवरील आयातशुल्क दीर्घकाळ १५० टक्के होते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते प्रथम ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणण्याचे ठरले. म्हणजे ज्या दुर्मिळतेला आपण गुण समजत आलो, तिचा मोठा भाग सीमाशुल्काचा होता. परीक्षकाने तो वजा करूनच गुण द्यावेत.

तसे दिले तर माझ्या मते ग्लेनलिव्हेट द्वितीय श्रेणीत निर्विवाद उत्तीर्ण होते. नवख्याने तिच्यापासून आरंभ करावा. मात्र तिच्यापाशीच थांबू नये. आमच्या कपाटातील बाटलीत अद्याप चार बोटे शिल्लक आहे. पुढच्या वेळी पाहुणे आले की ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवण्याचा विचार आहे.