‘साहसी’ कोण? ताराबाई शिंदे, भीती आणि तुमचा सिनॉप्सिस

पेट निघाली, गाईड मिळाले, आता विषय ठरवायचा. या टप्प्यावरचे प्रश्न वरवर विषयाबद्दल असतात, आत मात्र भीती असते. आरआरसीत कोणी झोडपलं तर? आपल्याच जातीबद्दल, आपल्याच गावाबद्दल लिहिलं तर घरचे काय म्हणतील? जळगाव जामोदसारख्या ठिकाणी, जिथे निम्मं गाव तुम्हाला आडनावावरून ओळखतं, ही शंका पोकळ नाही. “कायले नसत्या भानगडीत पडतं वो माय?” हे वाक्य प्रेमानेच म्हटलेलं असतं, आणि त्याच वाक्याने कितीतरी चांगले विषय कागदावर यायच्या आधीच संपतात.

यावर ‘घाबरू नका’ एवढं सांगून भागत नाही. त्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यातल्या लेखिकेचं एक पुस्तक नीट वाचू या. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’, प्रकाशन १८८२.

आधी थोडी माहिती. ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यात झाला. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी त्यांनीच शिकवलं. तेव्हाचा वऱ्हाड आजच्यासारखा नव्हता. घाटाखालचा आपला जळगाव तालुका त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता, तो बुलढाण्याला जोडला गेला १९०५ साली. पुस्तक छापलं पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्याने: ५०० प्रती, किंमत नऊ आणे.

निमित्त होतं सुरतचा एक खटला. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण त्या एका बाईवरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. ‘पुणेवैभव’ त्यात पुढे होतं. त्याला उत्तर म्हणून हा निबंध आला.

आता माझा मुद्दा. ताराबाईंची ओळख करून देताना आपण हमखास ‘निर्भीड’, ‘बंडखोर’, ‘रणरागिणी’ असे शब्द वापरतो. माझ्या मते हे वाचन चुकीचं आहे, आणि संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी तर ते निरुपयोगी आहे. कारण एकदा लेखिकेला निर्भय ठरवलं की तिने धाडस कसं केलं हा प्रश्नच उरत नाही. ती वेगळ्या मातीची होती आणि आपण साधी माणसं, विषय संपला. पुस्तक मात्र वेगळं सांगतं.

प्रस्तावना बघा. हे आपलं पहिलंच लेखन आहे, त्यात विस्कळीतपणा असेल, भाषा तिखट झाली आहे, आपण मराठा घरातल्या रिवाजांत कोंडलेली एक बाई आहोत, असं त्या आधीच सांगून टाकतात. आता तुम्ही म्हणाल, त्या काळी प्रस्तावनेत नम्र व्हायची पद्धतच होती. बरोबर आहे. म्हणून नुसत्या प्रस्तावनेवरून ‘लेखिका घाबरली होती’ असा निष्कर्ष काढू नका. पण पुढच्या मजकुराशी ती ताडून पाहा. तिखट भाषेबद्दल आधी सांगणारी लेखिका पुढे ती भाषा एका अक्षरानेही सौम्य करत नाही. म्हणजे मार कुठून येणार याचा अंदाज तिला होता, आणि तो अंदाज घेऊनच तिने लिहिलं.

हा अंदाज सगळ्यात जास्त दिसतो तो युक्तिवादाच्या रचनेत. बायकांवर संशय, उद्धटपणा, साहस, कपट, अविश्वास असे आरोप करणारा एक जुना संस्कृत श्लोक ताराबाई हाती घेतात. त्यावर नुसतं संतापून थांबत नाहीत. एकेक आरोप उचलतात आणि विचारतात, हा दोष पुरुषात किती आहे? लाच कोण खातं, राज्यं कोण बुडवतं, दगाबाजी कोण करतं? रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना मुद्देसूद उत्तर द्यायचं असतं, तसंच हे आहे. ज्याला कशाचीच भीती नाही तो असा नेमका लिहीत नाही, तो मोघम गर्जना करतो. प्रतिपक्षाचा धाक असलेला माणूसच त्याचं म्हणणं इतकं बारकाईने ऐकतो. भीतीचं पहिलं मोल हे.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. या पुस्तकाला जोडशीर्षक आहे आणि त्यात विचारलंय की स्त्री-पुरुषांत ‘साहसी’ कोण. आज आपण ‘साहसी’ म्हणजे शूर असं वाचतो. तिथे तो अर्थ नाही. धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा गुन्हा, आणि बाईच्या संदर्भात अविचार, मर्यादा सोडणं. म्हणजे प्रश्न असा आहे की खरा बेमुर्वत गुन्हेगार कोण? जुना मजकूर आजच्या अर्थाने वाचला की काय घोटाळा होतो याचं हे उत्तम उदाहरण. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. पुरुषाचं धाडस ते शौर्य आणि बाईचं धाडस तो दोष, ही वाटणी भाषेतच होती. ताराबाईंची भीती स्वभावातून आलेली नव्हती. ती या वाटणीची नेमकी जाणीव होती.

आणि ती खोटीही ठरली नाही. पुस्तकावर टीका झाली, टिंगल झाली. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुल्यांना ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. पुढे जवळजवळ नव्वद वर्षं हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला. इथे एक मोह टाळा. ‘टीकेला घाबरून त्या गप्प झाल्या’ असं बिनधास्त लिहिलं जातं. पुढचं पुस्तक नाही एवढं पुराव्यात आहे, कारण पुराव्यात नाही. मौनाला कारण चिकटवायचं असेल तर आधी कागद दाखवा.

पुस्तकाच्या मर्यादाही बघायला हव्यात. ताराबाई सगळ्या आघाड्यांवर एकदम लढत नाहीत. पोथ्या, देवादिकांच्या कथा, सुधारलेले कोटबूटवाले बाबू यांच्यावर त्या तुटून पडतात, पण इंग्रज सरकारचे आभार मानतात. नवऱ्याने देव म्हणवून घ्यायचं तर देवासारखं वागावं, असं ठणकावतात, पण लग्नसंस्था मोडीत काढत नाहीत. आजच्या वाचकाला हे अपुरं वाटेल, आणि ते आहेच. पण भीती बाळगून धाडस करणारा माणूस असाच वागतो: एक आघाडी निवडतो आणि दुसरीकडे आडोसा शोधतो. कुठलाही स्रोत वाचताना हे दोन्ही विचारा. लेखक कुठे उघड्यावर आहे? आडोसा कुठे घेतलाय?

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. ‘भीती चांगली असते’ हे वाक्य मला मान्य नाही, आणि कारण याच पुस्तकाच्या मुळाशी आहे. विजयालक्ष्मीलाही भीतीच होती, लोकनिंदेची. ताराबाईंचा युक्तिवाद हाच आहे की ती भीती समाजाने घातली, फसवणारा पुरुष मोकळा राहिला आणि शिक्षा बाईला झाली. दोघींच्या भीतीचं मूळ एकच, अब्रू. एकीच्या हातून गुन्हा घडला, दुसरीच्या हातून पुस्तक. फरक धैर्याच्या मापात शोधू नका. एकीकडे अक्षरओळख होती, पाठीशी वडील होते, छापखान्यापर्यंत वाट होती. दुसरीकडे काहीच नव्हतं. भीती सत्ता कुठे आहे ते दाखवते, वाट देत नाही. वाट माणसं आणि साधनं देतात.

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी एवढं करा. एका कागदावर आपल्याला नेमकी कोणाची भीती वाटते ते लिहा. ‘लोक’ असं लिहू नका, माणूस किंवा समिती लिहा. समोर त्यांचा सगळ्यात कडक आक्षेप लिहा आणि खाली आपलं उत्तर. जिथे उत्तर सापडत नाही, तिथे तुमचा संशोधन-प्रश्न असण्याची शक्यता जास्त. मग या विषयात पाठीशी उभं राहील असं एक माणूस आणि साहित्य मिळेल असं एक ग्रंथालय शोधून ठेवा. ही दोन नावं नसतील तर विषय बदलण्यापूर्वी आधी ती मिळवा.

आणि मालशे यांची आवृत्ती मिळवून वाचा. प्रस्तावना वगळू नका.