भिंतीवर जागा कुणाला? माईच्या चित्राविषयी

आज आपण एकाच चित्रापाशी थांबणार आहोत.

लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी १८५६ साली स्थापन झाली. तेव्हा नियम ठरला की चित्रकार किती थोर हे बघायचं नाही, चित्रातला माणूस देशाच्या इतिहासात किती महत्त्वाचा ते बघायचं. पहिलं चित्र आलं शेक्सपिअरचं. नियम सरळ आहे. पण महत्त्वाचं कोण, हे ठरवणारे सगळे एकाच वर्तुळातले असले, की भिंतही त्यांच्यासारखीच दिसू लागते.

आता माई. पॅसिफिकमधल्या राइआतेआ बेटावरचा हा तरुण १७७४ मध्ये इंग्रजी जहाजातून लंडनला आला. त्याचं नाव इंग्रजांनी ‘ओमाई’ करून टाकलं; त्यातला ‘ओ’ मुळात नावाचा भागच नाही! जोशुआ रेनॉल्ड्सनं काढलेलं त्याचं पूर्णाकृती चित्र १७७६ मध्ये रॉयल अकॅडमीत लागलं. पांढरा पायघोळ झगा, पागोट्यासारखं शिरोवस्त्र, अनवाणी पाय, हातावर गोंदण. त्याच वर्षी माई कुकबरोबर परत निघाला. चित्र मागे राहिलं.

ते २००१ साली कॅसल हॉवर्डमधून विकलं गेलं. पुढे देशाबाहेर जाऊ लागलं तेव्हा सरकारनं निर्यात अडवली. अखेर २०२३ मध्ये गॅलरीनं आणि अमेरिकेतल्या गेटीनं मिळून ५ कोटी पौंडांना घेतलं. आता ते आळीपाळीनं दोन्हीकडे राहणार.

इथे आम्हाला खटकतं ते असं. माई आत आला तो रेनॉल्ड्सच्या कुंचल्याच्या भावानं. म्हणजे गॅलरीचा मूळ नियम अगदी उलटा झाला की! आणि माई तिथे आधीपासून होताच, विल्यम पॅरीच्या चित्रात. त्या चित्रात तो जोसेफ बँक्स आणि सोलँडर यांच्यासोबत आहे. बँक्स त्याच्याकडे हात करून जणू नमुना दाखवतोय. हे चित्र गॅलरीनं २००३ मध्येच इतर दोन संग्रहालयांसोबत घेतलं होतं, पण त्याचा एवढा गाजावाजा झाला नाही.

तरीही रेनॉल्ड्सचं चित्र आम्हाला जवळचं वाटतं, हे कबूल करायला हवं. पोशाख निम्मा कल्पनेतला असेल, उभं राहण्याची ढब ग्रीक पुतळ्यांची असेल; पण इथे त्याच्याकडे बोट दाखवणारा कुणी नाही. तो एकटा उभा आहे.

फक्त राइआतेआच्या माणसाला आपला माई बघायचा असेल, तर लंडनचं किंवा लॉस एंजेलिसचं तिकीट काढावं लागतं.