कलिंगात न कोरलेला पश्चात्ताप

अशोकाचा तेरावा शिलालेख नेतृत्वाचा धडा म्हणून सतत फॉरवर्ड होतो. कलिंगात १ लाख माणसं मारली गेली, दीड लाख हद्दपार झाली आणि जिंकलेल्या राजालाच पश्चात्ताप झाला. पण लेख पूर्ण वाचला की दोन गोष्टी खटकतात. त्याच लेखात अरण्यवासींना दमही दिलेला आहे: पस्तावलो असलो, तरी शिक्षा करायची ताकद आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडच्या खडकांवर, हा लेखच नाही. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासमोर राजा या विषयावर गप्प आहे.

तिथे आहेत अधिकाऱ्यांसाठी सूचना. कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका. मत्सर, राग, घाई, आळस टाळा. दर ५ वर्षांनी पाहणीला अधिकारी पाठवीन. हा लेख ठरावीक दिवशी वाचून दाखवा, ऐकणारा एकच असला तरी.

मला हा कोरडा मजकूर जास्त मोलाचा वाटतो. पश्चात्तापाने राजाची प्रतिमा उजळते. कोंडलेल्या माणसाच्या कामी येते ती पाहणी. तरीही एक हिशेब उरतोच. कारभार कितीही चांगला केला, तरी ज्यांना सांगायचं त्यांनाच न सांगितलेला पश्चात्ताप अर्धाच राहतो.